करतो की

आमच्या गल्लीत काम तीन भाषांत पुढं ढकलता येतं.
बायकोला म्हणायचं, रेपू.
दूध घालणाऱ्या निंगप्पाला, नाळे.
आणि उरलेल्या जगाला,
मान तिरकी करून,
करतो की.

शेठचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो.
दोनशे टॉवेल, लग्नातल्या आहेराचे.
काठावर दोघांची नावं विणायची,
हरिप्रिया, श्रीकर.
नक्षा सोमवारी पाहिजे बे, पोशट्टी.
करतो की.

सोमवार आला, कन्ना चौकापर्यंत जाऊन परत गेला.
शेठला सांगितलं, श्रीकरमधला श्र चौकटीत बसेना,
शेपटी फार वळते त्याची.
खरं म्हणजे
मी पेन्सिलीला हातच लावला नव्हता.
म्हणजे लावला होता, टोक करायला.
घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक केलं,
शेजारच्या पोराच्यासुद्धा.
मग बायकोची पानं कापायची कात्री दिसली,
बोथट, कित्येक वर्षांची.
तिला धार लावली.
त्या दिवशी सत्तम्माच्या विड्या
दिवा लावायच्या आधीच हजार झाल्या.
सुपातलं शेवटचं तेंदूपान उचलताना म्हणाली,
शेठचं काम असंच राहू दे जरा,
विळी पण बघ.

दुसऱ्या सोमवारी माळा आवरला.
बापाचे पुठ्ठे निघाले, जॅकार्डचे, दोरीत ओवलेले,
दोरी हात लावताच भुगा.
एक उचलून खिडकीशी धरला.
ऊन भोकाभोकातून आत आलं
आणि माझ्या बनियनवर ठिपके पडले.
ही वाघाची चादर होती, बापाची,
पण एका पुठ्ठ्यात वाघाची एकच ओळ मावते.
पोट असेल, नाहीतर मिशी.
मी बराच वेळ तसाच उभा,
छातीवर वाघाची एक ओळ घेऊन.
शेठचा फोन वाजत होता.
वाजू दिला.

कंबर तलावावरही गेलो, नाकारत नाही.
एक बगळा पाऊण तास हलला नाही.
त्याला कुणी विचारत नव्हतं, माल कधी देतोस.

आता सगळंच असं साधतं, असं नाही.
दाढ दुखत होती, तिलाही नाळे म्हटलं.
ती ऐकणाऱ्यातली नव्हती.
हल्ली शेंगाचटणी एकाच बाजूनं खातो.
काही कामं ठेवली की मुरतात, काही नासतात.
कुठलं कुठल्या बरणीतलं
हे अजून मला वासावरून कळत नाही.

तिसऱ्या सोमवारी दारात स्कूटी थांबली.
पोरगी उतरली, हेल्मेट हातात,
मी हरिप्रिया, म्हणाली.
काका, किती झाले?
मी टेबलावरचा आलेखाचा कागद पुढं केला.
पांढरा. बारीक निळ्या चौकटी, अन् चहाचा एक गोल.
एकबी नाही, म्हटलं,
आणि पहिल्यांदाच मला लाज वाटली.

ती पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसली
आणि एवढा मोठा श्वास सोडला
की मागावरचा कापूस उडाला.
मोडलं, म्हणाली. मीच मोडलं, काल.
साखरपुड्यापासून घरात म्हणत होते,
सांगते की, सांगायचंय काहीतरी, सांगते की.
रोज वाटायचं, आता टॉवेल झाले असतील,
दोनशे टॉवेलवर नाव आलं
की कसं नाही म्हणायचं?

सत्तम्मानं चहा आणला.
मागच्या खोलीत कुणाचा तरी माग
खट्याक खट्याक चालला होता,
एवढा वेळ मला तो ऐकूच आला नव्हता.

शेठ फोनवर आधी ओरडला,
मग गप्प झाला,
मग हळूच म्हणाला, सूत तरी वाचलं बे.

जाताना हरिप्रियानं एक पेन्सिल उचलली,
अणकुचीदार टोकाची,
आणि कागदावर, मधोमध नाही, जरा डावीकडं,
एकच चौकट काळी केली.
कशाची, विचारायचं राहून गेलं.

कागद भिंतीला लावलाय.
त्या चौकटीपासून पुढं काहीतरी होणार आहे,
पान की पाखरू, अजून ठरत नाही.
घाई नाही.
पेन्सिलींना टोक आहे.